तिसरा नंबर

अंबाजोगाईहून फोन आला तेव्हा
मी महिन्याचा तक्ता भरत होते.
पोलिसात आहे खरी, पण कारकुनी;
लाठी शेवटची धरली ती प्रशिक्षणात.

पलीकडे रेवणनाथ मुळे गुरुजी,
माझ्या मावसभावाला भूगोल शिकवलेले,
नकाशावर बोट ठेवल्याशिवाय घर न सोडणारे.
"ताई, पेपरात आलंय, चोऱ्यांत पुण्याचा तिसरा नंबर.
हिला पर्वती दाखवायची कबूल करून
चाळीस वर्षं झाली.
यावं, की दुसरीकडे जावं?
अकराव्या नंबरचं एक गाव बघून ठेवलंय."

उद्या सांगते म्हटलं
आणि पडद्यावरच्या चार अंकी आकड्याकडे बघत बसले,
गर्दीत कोणी ओळखीचं दिसतंय का, तशी.

ह्यात एक आहे बोहरी आळीतला तराजू,
गाडीवाला जेवायला बसला तेवढ्यात गेलेला.
एक बिबवेवाडीची बाई, गळ्यावर वळ,
जबाब देताना सारखी पदर सावरणारी.
एक मोबाइल, जो चोरीला गेलाच नाही,
विम्यासाठी गेला.
एक सायकल. तिचा मुलगा रोज यायचा विचारायला,
मग परीक्षा आली,
मग यायचा थांबला.
सगळे एक-एक. तक्त्यात सगळ्यांचं वजन सारखं.

गुरुजींचं अकरावं गावही थोडं ठाऊक आहे मला.
माझ्या तुकडीतली रत्नप्रभा होती तिथे.
सांगायची, तक्रार घेऊन कोणी आलं
की आधी पाणी देतात, मग चहा,
मग विचारतात, "कशाला वाढवता?"
तिथले आकडे फार सज्जन आहेत.

आणि माझा एक.
एकोणिसाव्या वर्षी, पीएमटीत, डेक्कन ते कोथरूड,
मागच्या दाराशी.
दोन स्टॉप आधी उतरले, चालत घरी गेले,
उशीर का झाला ह्याचं उत्तर वाटेत तयार केलं.
त्या वर्षाची फाइल तळघरात आहे.
एकदा उघडली होती, उगाच.
रकाना माझ्याविना पूर्ण भरलेला,
खाली बेरीज, खाली सही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, गुरुजी, या.
आकडा खोटा नाही,
फक्त त्याला गल्ल्या माहीत नाहीत,
किती वाजले तेही कळत नाही.
टेकडीवर सकाळी जा, माणसं असतात.
अंधारात मीसुद्धा जात नाही.
पाकीट पुढच्या खिशात.
बाईंना म्हणावं, पोत पदराखाली...
इथे माझी जीभ अडखळली.
दागिना त्यांचा, हात दुसऱ्याचा,
आणि पदर सावरायचा त्यांनीच.

आले. पिशवीभर सीताफळं घेऊन,
निम्मी वाटेतच पिकलेली.
दोन दिवस काही झालं नाही;
म्हणजे बरंच झालं,
फक्त तक्त्यात धरण्यासारखं काही नाही.
तिसऱ्या दिवशी पर्वतीच्या देवळातून बाहेर आले
तर द्वारकाबाईंच्या चपला नाहीत.
कोऱ्या होत्या. खास पुण्यासाठी घेतलेल्या.
गुरुजींनी तिथूनच फोन लावला,
आवाज अगदी वर्गातला, उत्तर बरोबर आल्यासारखा:
"ताई, तिसरा नंबर खरा आहे!"

मी विचारलं, तक्रार घ्यायची का? येते मी.
मागून बाईंचं हसू:
"कशाची तक्रार? शनिवार आहे. पीडा गेली!"
अनवाणी उतरल्या म्हणे,
तापलेल्या पायऱ्या एक-एक मोजत.

तक्ता वर पाठवला. आकडा होता तोच ठेवला.
फोन करून पायाचा नंबर विचारला, सहा,
आणि तुळशीबागेतून घेतलेला साधा जोड
एसटीच्या खिडकीतून आत दिला.
त्यांनी तिथल्या तिथे घालून पाहिला.
गाडी हलता हलता म्हणाल्या,
"जरा सैल आहेत.
चालतील."