कडू दांडा

फर्मागुडीच्या चढावर, आमच्या कॉलेजच्या मागे
एक बुटकी खोली. बारा तास उजेड, बारा तास काळोख,
दिवा बटणानं नाही, घड्याळानं विझतो.
कायतान तिथं भाताचं तूस पसरतो
आणि उंदरांशी कोकणीत बोलतो.
माझ्याशी फारसा नाही.

हादग्याची फुलं मीच आणली होती, बुधवार पेठेतून,
केळीच्या पानावरचे सोळा वाटे.
सावलीत वाळवली, दळली, तीन दिवस अल्कोहोलात बुडवली.
उरला तो काळपट, काकवीसारखा चिकट अर्क
आणि फॉर्मवरचा एक रकाना:
माणसं हे पूर्वी खात आली आहेत काय?
मी लिहिलं, होय.
किती वर्षं, ते विचारलं नव्हतं.

सहा माद्या. पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका
एकीच्या डोक्यावर, एकीच्या पाठीवर, एकीच्या शेपटीच्या मुळाशी,
मग पुन्हा तसाच उरलेल्या तिघींना.
नावं ठेवायची नाहीत, सरांनी बजावलेलं.
पण नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं,
आणि तेच तर आमचं काम होतं.

किलोला दोन हजार मिलिग्रॅम.
माणसाच्या वजनावर मांडलं
तर दहा-बारा किलो फुलं, एका घोटात.
एवढी भाजी लग्नाच्या पंगतीतही कोणी वाढत नाही.
मानेची सैल कातडी चिमटीत धरायची,
बोथट टोकाची सुई जिभेवरून घशात,
ढकलायची नाही,
ती स्वतः गिळेपर्यंत थांबायचं.
पहिल्याच दिवशी शेपटीवाली मला चावली.
मी नोंद केली: वर्तन सामान्य.

अर्ध्या तासानं, मग चार तासांनी, मग रोज:
केस उभे राहिले का, थरथर, लाळ, जुलाब,
डोळ्यांच्या कडा.
वजनं वाढत गेली.
दहाव्या रात्री आईचा फोन, जेवलीस का,
आणि मी सांगितलं, सगळ्या जेवल्या.

चौदावा दिवस. एकही मेली नव्हती.
म्हणजे अर्क सुरक्षित.
म्हणजे आता त्यांना मारायचं,
कारण सुरक्षित हा शब्द
यकृत हातात घेतल्याशिवाय लिहिता येत नाही.
कायतान त्या सकाळी इगर्जीत गेला. वार मंगळवार होता.
सहा यकृतं, बारा मूत्रपिंडं, टिपकागदावर टिपून तोललेली.
रंग तांबूस, पृष्ठभाग गुळगुळीत, वावगं काही नाही.
इतकं निर्दोष काही
मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेठेत जयू वेळीप फुलं निवडत बसलेली.
मी म्हटलं, तुझ्या फुलांची परीक्षा झाली, पास.
उंदीर, सुई, अल्कोहोल, सगळं तिनं ऐकून घेतलं.
मग एक फूल उघडून आतला दांडा नखानं खुडला,
टाकला गोणपाटाच्या कडेला. तिथं ढीगच होता.
‘मदलो दांडो काडिल्लो मगे?
कोडू आसता. तो कोण खायना.’

नव्हता काढला.
कुठल्याच फॉर्मवर तो रकाना नव्हता.

एक वाटा घेऊन खोलीवर आले.
कांदा, खोबरं, हिरवी मिरची.
ताटाच्या कडेला दांडे ठेवत गेले,
सहा झाल्यावर एक चावून पाहिला.
कडू. अगदी जिभेच्या मुळाशी,
जिथं सुई टेकते.