गारी नाय

गेटवरचा हिराजी बांबू हातभर उचलतो :
"सायकल चालंल. गारी नाय."
मी मान खाली घालते, हँडल तिरकं करते
आणि शहर
माझ्या मागच्या चाकापाशी थांबतं.

घणसोलीच्या पल्याड हा रस्ता कुणीतरी
पुलाच्या भरवशावर बांधला.
पूल आलाच नाही.
सहापदरी डांबर, कधीच न पेटलेले दिवे,
पाटीवर वेगमर्यादा साठ.
मी अकराने चालले आहे.

वय एकोणपन्नास. सायकल मुलाची,
तो बंगळुरूला गेल्यापासून गॅलरीत
ओल्या कपड्यांखाली उभी होती.
आठवडाभर पतपेढीत मी दुसऱ्यांचे हप्ते मोजते.
इथे काही मोजायचं नाही, असं ठरवून आले,
तरी खांब मोजतेच.

पहिल्या रविवारी भीती वाटली होती.
मागून हॉर्न येईना,
मी आपली डाव्या कडेला चिकटून,
जागा देत राहिले
नसलेल्या टेम्पोंना.
तिसऱ्या रविवारी मधल्या पट्ट्यावर आले.
चौथ्या रविवारी नागमोडी चालवली, उगाच,
कुणी शिवी दिली नाही.

दोन्ही बाजूंना तिवरं. ओहोटीचा वास,
नाक मुरडावंसा, आणि मग न मुरडावासा.
हे डांबर खरं तर कावळ्यांचं :
शिंपला उंच नेतात, सोडतात,
फुटेपर्यंत पुन्हा नेतात.
आज त्यातलाच एक तुकडा
माझ्या मागच्या टायरात शिरला.

चिखलात गुडघाभर उभा एक माणूस
बिळात हात घालून निवट्या धरत होता.
"काय झाला?"
टायर बसलाय, म्हटलं.
धावजी भोईर वर आला, पायांना चिखलाचे मोजे,
कोयत्याच्या मुठीने टायर सोडवला,
ट्यूब घेऊन पुन्हा खाली उतरला
आणि खाडीच्या पाण्यात बुडवली.

बुडबुडे.
हाताच्या अंतरावर चिखलातही तसेच बुडबुडे,
तिथे निवटी, इथे माझं भोक.
तो हसला नाही. बोटाने भोक दाबून धरलं,
जसं निवटीचं बीळ धरतात.

मुलाच्या डबीतलं सोल्युशन
केव्हाच वाळून खडा झालं होतं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला,
आणि भोकाच्या दोन बाजूंची ट्यूब एकत्र घेऊन
गाठ मारली. जाळ्याला मारतात ती.
ओढून पाहिली, दाताने आवळली.

पंप मारता मारता मी विचारलं, इथलेच का?
त्याने हनुवटीने दाखवलं :
"त्यो तिसरा खांब. त्याच्याखाली आमचा मिठाचा वाफा.
बापूस पहाटे फळी ओढायचा."
मग मिळालं काय, हे मी विचारलं नसतं,
पण पतपेढीची सवय.
"एक रूम. तिसरा माला.
तिथून खारी दिसत नाय."
एवढं बोलून तो उतरला. पाणी चढू लागलं होतं,
त्याची वेळ संपत आली होती.

परत निघाले. गाठीचा उंचवटा,
चाकाच्या दर फेरीला एक धक्का,
पाठीच्या कण्यात, खालून.
तिसऱ्या खांबापाशी मी पायडल मारायचं थांबवलं.
साखळी टिकटिकत राहिली.
चाक आपसूक पुढे गेलं, धक्का, धक्का,
कुणीतरी खालून फळी ओढतंय की काय.
असं काही नसतं, मला कळतं.

हिराजीने बांबू उचलला. कोपरखैरण्याच्या चौकात
रिक्षा, बस, पाण्याचे टँकर,
आणि मी पुन्हा डाव्या कडेला.

दुकानातल्या सलीमने गाठ पाहिली,
पोरांना बोलावून दाखवली, खूप हसले.
"मॅडम, ट्यूब बदलू ना?"
बदलायलाच हवी.
म्हटलं, थांब जरा.
पुढच्या रविवारी बघू.