त्युस्त

वाचनकक्षाच्या दारावर माझं आडनाव लिहिलंय.
पितळी पट्टीवर, काळ्या अक्षरांत: त्युस्त.
तूरे, इथला दफ्तरदार, हसतो, कुजबुजतो:
"ते तुमचं नाही. शांतता राखा, एवढंच."

पण माझंच आहे ते.
म्हणजे होतं, अल्गोट बोटीवर चढेपर्यंत.

स्मोलांडच्या या परगण्यात
पलटणीच्या एका तुकडीत सात अँडर्स अँडर्सन.
"अँडर्स!" म्हटलं की अर्धी रांग पाऊल पुढे टाकायची.
मग कॅप्टननं नावं वाटली, बूट वाटावेत तशी,
आखूड, एका दमात पुकारता येतील अशी:
ढाल. पोलाद. चपळ. खूश.
आणि होकान पेर्सनला, जो बोलताना अडखळायचा,
त्युस्त. गप्प.

नाव त्याचं नव्हतंच खरं तर.
नाव त्या खोपटाचं, क्रमांक त्र्याऐंशी:
एक गाय, सलगमचा एक वाफा,
आणि चार शेतकऱ्यांनी मिळून पोसलेला शिपाई.
तो मेला की पुढचा यायचा
आणि खुंटीवरचा कोट घालावा तसं नाव घालायचा.
बाही लांब झाली तर दुमडून.

होकान जूनमध्ये आरमारावर गेला.
रशियनांची गोळी नाही, तापच;
ऑगस्टात, कार्ल्सक्रूनाच्या बराकीत, ओल्या पेंढ्यावर.
सप्टेंबरात नवा त्युस्त आला. यॉन्स.
आधी शेजारच्याच मळ्यावर गडी,
त्र्याऐंशीच्या धुराड्यापासून हाकेच्या अंतरावर.
विधवेनं, काय्सानं, खोपटं सोडायचं होतं.
सोडलं नाही. लग्न केलं.
चादर बदलली असेल. नाव बदलावं लागलं नाही.

मार्चमध्ये मुलगा.
पाद्र्याची शाई इथे जरा फुटलीय:
"बाप: शिपाई त्युस्त, क्र. ८३."
कोणता?
तूरे बोटांवर महिने मोजतो,
पुन्हा मोजतो, चष्मा पुसतो,
आणि दारावरची पाटी पाळतो.

त्या पोराचा नातू अल्गोट, माझा आजोबा.
योतेबोरी, हल, लिव्हरपूल,
वाटेत कुठेतरी एक पेटी चोरीला,
मग समुद्र, मग रेल्वे,
मग सुपीरियर सरोवराकाठची लोखंडाची खाण.
पगाराच्या खिडकीत कॉर्नवॉलचा कारकून:
"नाव?"
"त्युस्त."
"ट्विस्ट?"
अल्गोट काहीच बोलला नाही.
नावाला जागला.

म्हणून आम्ही ट्विस्ट.
सुंभ जळून गेलं, पीळ तेवढा राहिला.
त्या नाचाची लाट आली त्या वर्षी
शाळेतल्या पोरांनी मला वात आणला होता,
कंबर हलवत मागून यायची, थेट घराच्या फाटकापर्यंत.
आणि आत माझे वडील, बेर्टिल,
जेवताना मीठसुद्धा बोटानं मागणारे.
मला वाटायचं, रक्तातच असेल.
रक्त कसलं. कोट होता.

दुपारी तूरे आपल्या गाडीतून नेतो.
त्र्याऐंशी आता नाही. धुराड्याचे दगड,
कुणी न छाटलेली लायलॅकची झुडपं,
शेवाळलेला एक खांब, त्यावर आठ दिसतो,
तीन बोटानं शोधावा लागतो.
काय्साचं काहीच नाही.
तिला माहीत होतं, दोघांतला कोणता.
चुलीपाशी, विहिरीपाशी, चर्चच्या बाकावर
चाळीस वर्षं बायकांनी आडून आडून विचारलं असेल.
दोघा नवऱ्यांना ते नाव सरकारनं दिलं होतं.
तिनं ते वापरलं.

"फोटो काढू?" तूरे विचारतो.
थांबा, म्हणते, आणि नाक शिंकरते,
इतक्या जोरात
की झाडीतला एक रानकोंबडा फडफडत उठतो
आणि तूरे, बिचारा, सवयीनं
ओठावर बोट ठेवतो.