धामणमाळ

चोपड्याहून शिरपूरकडं जाताना
केळीच्या बागा सरतात तिथं उजव्या हाताला
आमच्या संस्थेचा फलक आहे,
छर्ऱ्यांनी चाळण झालेला.
मागं साडेनऊ एकर. सातबाऱ्यावर नाव : पोटखराबा.
मी हिशेब ठेवतो.

गुमान पावरा राखण करतो.
पौषात जाळरेषा काढतो, घाणेरी मुळासकट उपटतो,
आणि उरलेले दिवस
कुणाला काही करू देत नाही.
हे काम पावतीवर कसं लिहायचं
अकरा वर्षांत मला जमलेलं नाही.

देणगीदार विचारतात, यंदा नवीन काय?
मी लिहितो : कुसळी. मग खोडतो.
लिहितो : भोवत्या पक्षी, एकतीस,
दिवेलागणीला गवतात उतरतात
कुणी घड्या घालून ठेवल्यासारखे.
ते कुठल्या मुलखातून येतात ते गुमानला सांगितलं
तर म्हणाला, भाडं किती पडत असेल!

आषाढात टेम्पो आला.
तीनशे रोपं, गुलमोहर नि सप्तपर्णी, फेटे, फोटोवाला.
खड्डे जेसीबीनं आधीच खणलेले,
पंधरवड्यामागं, गुमान तापानं पडला होता तेव्हा.
सरपंच रत्नप्रभा बाविस्कर, चांगली बाई,
अगदी मनापासून म्हणाल्या,
"आठे काहीच नही शे भाऊ. नुसतं गवत शे."

मी ठराव क्रमांक सांगू लागलो, कलम सांगू लागलो.
माझा आवाज मलाच बँकेतला वाटला.
गुमान बाईंना सातव्या खड्ड्याशी घेऊन गेला,
उकरलेल्या मातीकडं बोट केलं.
ढेकळं, बाई म्हणाल्या.
बसा, तो म्हणाला.
त्या बसल्या, जरीच्या पदरासकट, उकिडव्या.
डोक्यावरून टिटवी कोकलत गेली
आणि ढेकळांतली चार ढेकळं
अंडी झाली.

फोटोवाला पुढं सरकला.
बाईंनीच हात आडवा घातला.
टेम्पो शाळेकडं वळला,
तिथं सावली हवीच होती.

खड्डे बुजवायला दोन मजूर, तीन दिवस.
हा खर्च लिहिता आला.
सातवा तसाच ठेवलाय.
पिल्लं केव्हा निघाली कळलं नाही,
टरफलंसुद्धा सापडली नाहीत,
आता त्यात पवन्या गवत माझ्या कमरेइतकं.

परवा बाजारात बाई भेटल्या, मेथीच्या जुड्या निवडत होत्या.
"तुमनी टिटवी काय म्हनस?"
ओरडते, मी म्हणालो.
त्या हसल्या, एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.
ही कुठल्या खात्यात धरू?