उतार बघून

स्टार्टर गेला त्याला आता सहावं वर्ष.
तेव्हापासून कुठेही गेलो तरी
आधी उतार बघतो.
म्हसावदला शाळेमागची गल्ली,
धडगावला बाजाराच्या वरचं टेकाड,
तळोद्यात फक्त पेट्रोलपंपाची कड,
तीही जेमतेम हातभर उंच.
शिरपूरच्या साडूचं घर सपाटीवर.
त्याच्याकडे जाणं सुटलं.
त्याला वाटतं, मी रागावलोय.

देवळालीच्या लिलावात घेतली तेव्हा
अंगावर मिलिटरीचा हिरवा रंग,
दारावर कुठल्याशा पलटणीचा आकडा.
पेट्रोल अशी प्यायची की चढावर काटा पडताना दिसायचा.
मुनाफ मिस्तरीने पोट मोकळं केलं,
टेम्पोचं डिझेल इंजिन आत बसवलं.
मधली प्लेट धुळ्याच्या लेथवर चार वेळा नेली.
पाचव्यांदा छिद्रं जुळली,
तेव्हा त्याने पाना खाली ठेवला
आणि साबण मागितला.

पुढचे पाटे उसाच्या ट्रॉलीचे.
सायलेन्सर बोअरच्या पाइपाचा.
हॉर्न एसटीचा, कसा आला विचारू नका.
टायमिंगच्या झाकणाखाली पॅकिंग नव्हतं,
म्हणून लेकीच्या वहीचा पुठ्ठा कापला.
लेक आता नंदुरबारला नर्स आहे,
रात्रपाळी करते.
'कु. वैजयंती, आठवी ब'
अजून तिथेच, तेल अडवून बसलीय.

एकदा सावद्याच्या एका शहाण्याने सांगितलं,
डिफरन्शियल ओरडतं ना, केळी भर आत.
भरली. दोन डझन, सोलून.
तळोद्यापर्यंत गाडी नव्या सुनेसारखी गप्प.
पुढे घाटात शिकरण झालं.
पंधरा दिवस मागून माश्या येत होत्या.

हँडब्रेक म्हणजे खजान पावरा.
गाडी थांबायच्या आधी उडी मारतो,
सागाची पाचर चाकामागे सरकवतो,
मग बिडी काढतो.
चौदाव्या वर्षी आला होता.
परवा आरशात बघून म्हणाला,
काच बदला शेठ, सगळं पांढरं दिसतंय.

या वैशाखात
आमचुराची तीस पोती घेऊन
चांदसैलीच्या वळणावर ती ठोके द्यायला लागली.
मुनाफ शहाद्याला, मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर पट्टी.
रेंज त्या एका वळणावरच, ही तिची मेहरबानी.
फोन बॉनेटखाली धरला.
पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.
बराच वेळ नुसता श्वास.
मग, "तीन नंबरचा टॅपेट. पाव फेरा. जास्ती नही."
"बंद करू का?"
"वेडा झालास? तोंड चढाला आहे तुझं. चालूच फिरव."
खजानने पाना धरला, मी झाकण.
गरम तेल उडालं, कोपरापर्यंत.
ठोके थांबले.
पट्टीआडून तो म्हणाला,
"आता डावीकडची पाटी वाजतेय, ती खिळ्याने ठोक."
ती तर मला वर्षभर ऐकू आली नव्हती.

आता डांबर झालंय. क्रूझर जातात, छोटे टेम्पो जातात.
मला बोलावतात ते डांबर संपतं तिथून पुढच्यासाठी,
आणि ते दर पावसाळ्यानंतर थोडं अलीकडे संपतं.
भंगारवाला दर श्रावणात येतो, किलोचा भाव सांगतो.
बेबा दसऱ्याला टायरला हळदकुंकू लावते
आणि त्याच हाताने म्हणते,
"इकी टाका आते भंगारमा."
मी हो म्हणतो.
हिशेबाच्या वहीत त्याच दिवशी:
क्लच प्लेट, एक. नट, अकरा.

परवा शहाद्यात प्लॉट बघायला गेलो.
दलाल पोरगा चुणचुणीत.
पूर्वेला तोंड, नळाची लाइन,
"आणि काकू, तळहातासारखा सपाट!"
बेबा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.
पिशवीतली बाटली काढली, मध्यभागी पाणी ओतलं.
वाकून बघत राहिली.
पाणी जागच्या जागी पसरलं,
कुठे जावं ते कळेना त्याला,
मुरलं.
तिने झाकण लावलं.

"हाऊ नको," म्हणाली. "दुसरा दखाड."