आयत्या वेळचे विषय

चौतीस वर्षं मी इतिवृत्त लिहिलं
कुपवाडला, भट्टीच्या वरच्या खोलीत,
जिथे पंखा लावला की ठराव उडायचे
आणि बंद केला की सह्यांवर घाम ठिबकायचा.
सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर.
झोपेतही सांगेन.
आणि शेवटी : सभासदांच्या प्रश्नांना
अध्यक्षांनी समाधानकारक उत्तरे दिली.
हे वाक्य मी सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचे.

भूपालआण्णा मगदूम मालक होते तेव्हा
प्रत्येक कास्टिंगवर बोटाचं पेर वाजवून ऐकायचे.
बद्द वाजलं की म्हणायचे, घाला परत भट्टीत.
हा खर्च कुठल्या खात्यावर, हिशेबनीस विचारायचे.
माझ्या, आण्णा म्हणायचे.

हेच आण्णा आमचा फंड दोन-दोन महिने फिरवायचे.
आणि कारखान्याचं भंगार
दरसाल मेहुण्याच्याच काट्यावर जायचं.
त्या काट्यावर टनामागे किती किलो हवेत विरतात
हे भट्टीवरच्या दस्तगीर मुल्लाला माहीत होतं,
मला माहीत होतं.
इतिवृत्ताला माहीत नव्हतं.

एका दिवाळीला बोनसच्या बदली शेअर वाटले.
दस्तगीरचे महापुरात गेले, ट्रंकेसकट.
माझे चाळीस अजून आहेत.

आण्णा गेले. टेबलाच्या दोन टोकांना दोन मुलगे.
जिनेंद्र हो म्हणाला की अभिनंदन पाणी प्यायचा.
अडीच वर्षं विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.
तोवर भट्टीच्या आतल्या विटा एकेक करून खाली आल्या,
त्यांना गणपूर्तीची गरज नव्हती.

मग मुंबईच्या एका फंडाने एकावन्न टक्के घेतले.
खोटं कशाला बोलू,
हा फंड आल्यापासून आमचा फंड वेळेवर भरला जातो.
हातमोजे आले, चष्मे आले,
बायकांना वेगळं स्वच्छतागृह आलं, कडी असलेलं.
स्वतंत्र संचालक आले,
इतके स्वतंत्र की भट्टी त्यांनी अजून पाहिलेली नाही.
कास्टिंग आता कोणी वाजवत नाही.
एक यंत्र हिरवा दिवा लावतं.
हिरवा कुठे सुरू व्हावा ती रेघ
मार्चमध्ये जराशी सरकवली, ठराव क्रमांक सात.
भंगाराचा काटाही बदलला.
नव्या काट्याचं ऑफिस फंडाच्याच इमारतीत आहे,
तीन मजले खाली.

पूर्वी वार्षिक सभेला भडंग असायचं, वर कांदा पिळलेलं लिंबू.
लोक भडंगासाठी यायचे, लाभांशापर्यंत थांबायचे,
एखादा चिडून उभा राहायचा, तोंडात शेंगदाणा तसाच.
आता सभा मोबाइलवर.
सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले असतात,
इंटरनेटच्या सोयीसाठी.

यंदाची माझी शेवटची. पुढच्या महिन्यात निवृत्ती.
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, असं आलं
आणि मी पिवळ्या हाताचं ते चित्र दाबलं.
माझाच हात, पण अंगठ्याएवढा.
विचारलं, भंगार कोण घेतं, आणि घेणाऱ्याचा मालक कोण?
कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.
अध्यक्ष म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे, पद्मजाताई,
पारदर्शकता हाच आपला पाया आहे,
मॅनेजमेंट आपल्याशी संपर्क साधेल.
सभा आभार मानून संपली.

संध्याकाळी लिहायला बसले.
सभासद क्रमांक दोनशे सतरा यांनी भंगाराच्या कंत्राटाबाबत विचारले.
अध्यक्षांनी समाधानकारक उत्तर दिले.
बोटांनी आपलं आपण लिहून टाकलं.
समाधानकारक खोडलं.
राहिलं : अध्यक्षांनी उत्तर दिले.
तेही वाचून पाहिलं, पेर वाजवून पाहावं तसं.
बद्द.

अध्यक्ष बोलले, असं लिहिलं.

मसुदा सहीला गेलाय.
कायद्याने तीस दिवस असतात.
आज बारावा.