मुरतं पाणी

रात्री नऊला बीटाचा चोथा भिजत घालते.
एक मग चोथा, चार मग पाणी,
आणि घोंगडीत गुंडाळून बादली चुलीपाशी ठेवते.
बाहेर सारेमा बेटावर उणे अठरा.
समुद्रसुद्धा थिजून पांढरा पडलाय,
तिथे एका बादलीची काय कथा.

सकाळी झाकण उचललं की
चोथा फुगून काठाशी आलेला,
वास ओल्या मातीचा, किंचित गोड.
पाणी? कुठेच दिसत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
मी खात्रीनं सांगते: इथे.

उन्हाळ्यात काळजी नसते.
जूनमधलं गवत म्हणजे उभं पाणीच.
पिहला दिवसभर चरते
आणि हौदाकडे ढुंकूनही बघत नाही.
पण वाळल्या गवताचा हिशेब वेगळा.
ते पोटात उतरलं की आधी पाणी मागतं,
आणि बर्फगार पाण्याला ही ओठ लावते न लावते
तोच दात शिवशिवल्यासारखं डोकं झटकून मागे सरते.

तिला आग्रह चालत नाही.
म्हणून मी पाणी तिच्या चंदीत लपवते,
चोथ्यात, ओटच्या कोंड्यात,
गाजराच्या चकत्या तरंगणाऱ्या कोमट पेजेत.
वर चमचाभर मीठ, तहान जागी राहावी म्हणून.
ती खाते. आपण पितो आहोत हे तिला कळत नाही.
किंवा कळतं,
आणि ती माझी अब्रू राखते.

मग खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडायची,
लगेच सपाट व्हायला हवी.
हिरडीवर अंगठा दाबायचा: पांढरा ठसा,
एक, दोन, पुन्हा गुलाबी.
शेवटी लीद. बुटाच्या टोकानं फोडून बघते,
आत ओल आहे ना.
आहे. मगच माझी कॉफी.

हे सगळं मला एका घोड्यानं शिकवलं, मरून.
मिकू त्याचं नाव. मी चौदाची. जानेवारी.
वडील म्हणायचे, घोडा बर्फ चाटतो, तेवढं पुरे.
त्यांचे वडीलही तेच म्हणायचे.
दुपारी मिकू स्वतःच्या कुशीकडे वळून वळून बघू लागला,
तिथून कुणी हाक मारत असल्यासारखा.
मग खुरानं जमीन उकरली.
बसला, उठला, लोळला.
ऊर्वे डॉक्टर बर्फ तुडवत पोचल्या तेव्हा आठ वाजलेले.
नाकातून नळी, कोमट पाणी, तेल.
आमच्या तोंडचं पाणी पळालेलं,
त्याच्या आतड्यातलं त्याच्याही आधी.
पहाटे तो गेला.
वडिलांनी कुऱ्हाड घेतली आणि हौदावरचा बर्फ फोडायला लागले.
दिवस उगवला तरी फोडतच होते.
बोलले काहीच नाहीत.
तेव्हाही नाही, नंतर चाळीस वर्षंही नाही.

आता कल्यो, माझे वडील, शहाऐंशीचे.
पेला समोर ठेवला की म्हणतात, तहान नाही.
दुपारचा पेला रात्रीपर्यंत तसाच, वर धूळ.
मी काळ्या पावाचं सार करते, पातळ,
सफरचंदाच्या रसात शिजवून, मनुका टाकून.
दोन वाडगे संपवतात आणि कुरकुरतात,
"मला घोडा समजतेस का?"
"घोड्याला मनुका देत नाही मी."

काल काठी टेकत तबेल्यात आले,
तीन हिवाळ्यांनंतर.
पिहलाच्या कपाळावर तळवा ठेवून उभे राहिले थोडा वेळ.
तिनं त्यांची टोपी हुंगली, खिसा हुंगला.
मग त्यांनी बाही वर सारली,
बादलीत कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर चोथा दाबला
आणि बोटांमधून किती गळतं ते बघत राहिले.

"अजून एक मग घाल," म्हणाले.
"कोमट."